दोन मिनिटांचं ऊन

सहा वर्षं काय केलंस, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, काच काळी केली. यात विनय वगैरे काही नाही. काचेच्या लहानशा तुकड्यावर एका धातूचा पातळ थर द्यायचा, त्यावर उजेड टाकायचा आणि तो काळवंडला की किती काळवंडला ते मोजायचं. अंधारात ठेवला की काही तासांत तो आपणहून स्वच्छ होतो. मग पुन्हा उजेड, पुन्हा मोजणी. याला पीएच.डी. म्हणतात.

आमच्या बेळगावातल्या वडगावच्या गल्लीत हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा शेजारची काकू म्हणाली, "म्हंजे उनात काळा हुतोय त्यो चष्मा न्हवं? खडेबाजारात लई मिळत्यात की गं." झालं, निकाल लागला. मी आपली सांगत बसले की चष्म्यातलं रसायन निराळं, माझं निराळं. माझ्या थरात यिट्रियम असतं, त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन शिरलेले असतात आणि त्या दोघांचं प्रमाण बदललं की थराचं काळं होणंही बदलतं. काकूनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते असू दे. लग्नाचं काय ठरलं?"

हे यिट्रियम ज्या घराण्यातलं, त्याला पुस्तकात 'दुर्मिळ मृदा' म्हणतात. ती मृदा नव्हे, ते धातू आहेत. आणि त्यातले बरेचसे दुर्मिळही नाहीत. नाव ठेवणाऱ्यानं दोन शब्दांत दोन चुका केल्या आणि तरी शास्त्रज्ञ म्हणून सुखानं मेला. मी एकच चूक केली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. तीच सांगायला बसले आहे.

तेव्हा माझी अवस्था अशी होती: नोंदणीला मिळायची तेवढी मुदतवाढ घेऊन झाली होती. महिनाअखेरीला संध्याकाळी पाचच्या आत प्रबंध जमा झाला नाही तर नोंदणी रद्द, आणि नोंदणी रद्द म्हणजे सहा वर्षं पाण्यात. प्रबंध जमा करायचा तर पहिल्या पानांत गाईडची सही पाहिजे. ती नसेल तर आतला मजकूर देवानं लिहिलेला असला तरी विद्यापीठाच्या सेक्शनमधला क्लार्क हात लावत नाही.

माझे गाईड निपाणीकडचे, तंबाखूच्या व्यापारातल्या जैन घरातले. सर बोलायला लागले की निम्मं मराठी, निम्मं कन्नड, आणि समोरच्याची चूक दाखवायची असली की सगळं इंग्रजी. सहा वर्षांत माझं इंग्रजी बरंच सुधारलं ते त्यामुळंच.

आमच्या लॅबमध्ये थर देण्याचं यंत्र होतं. म्हणजे एक पोलादी चेंबर, त्यातली हवा उपसून काढणारा पंप आणि पंपाचा स्वभाव. पंपाची मोटर जळाली की मी ती रिक्षात मांडीवर घेऊन मच्छे गावच्या एका वर्कशॉपला न्यायची. तिथला मिस्त्री बोअरच्या मोटरी दुरुस्त करायचा. त्यानं पहिल्यांदाच विचारलं, "ह्येच्यानं पानी किती वर चढतंय?" म्हटलं, पाणी नाही, हवा उपसतो. "हवा उपसून काय करता?" म्हटलं, काच काळी करते. मोटर मात्र त्यानं बोअरसारखीच झकास करून दिली.

आता थोडं रसायन, घाबरू नका. चेंबरमध्ये थर बसतो तेव्हा त्यात हायड्रोजन असतो. बाहेर काढला की हवेतला ऑक्सिजन न बोलावता आत घुसतो. किती घुसणार ते थराची वीण किती विरळ यावर, आणि वीण किती विरळ ते चेंबरमध्ये वायूचा दाब किती ठेवला यावर. दाब वाढवला की वीण विरळ आणि ऑक्सिजन जास्त. दाब फारच कमी ठेवला तर वीण इतकी घट्ट बसते की ऑक्सिजनला वाटच मिळत नाही. तो थर मग जन्मापासून काळा राहतो आणि उजेडाचं त्याला काही सोयरसुतक नसतं. या दोन टोकांच्या मध्ये जी मंडळी असतात, ती उजेडात काळवंडतात. त्यातली कुठली जास्त आणि कुठली कमी, एवढाच माझा विषय. विणकराच्या घरात वाढलेल्या पोरीला यात कठीण काय वाटणार?

जगातल्या सगळ्या लॅबा सांगत होत्या की ऑक्सिजन वाढत गेला की काळवंडणं कमी होत जातं. माझी मोजणी नेमकी उलट सांगत होती. ऑक्सिजन जास्त, तर काळवंडणं जास्त. मी दोनदा मोजलं, चारदा मोजलं. नवे थर दिले, पुन्हा मोजलं. हट्टानं तेच.

सर इतके खूश झाले की त्यांनी मला चहा पाजला. सहा वर्षांत एकदाच पाजला, तो हा. "हौदु, बरोबर हाय," ते म्हणाले, "आपल्याकडचं हवामान निराळं. ते लोक थंडीत करतात." हवामान चेंबरच्या आत शिरत नाही, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. पण आनंदाच्या वेळी असलं कुणी बोलतं का? पेपर एका जर्नलला गेला. तपासणाऱ्यांपैकी एकानं एकच प्रश्न विचारला होता, मोजणीच्या आधी नमुने कुठं आणि कसे ठेवले होते? आम्ही लिहिलं, नेहमीप्रमाणे. त्या बिचाऱ्याला आमच्या नेहमीची काय कल्पना! पेपर छापून आला. एका कॉलेजात सरांचा सत्कार झाला, शाल आणि नारळ मिळाला. जगाला जमलं नाही ते बेळगावात जमलं, असं तिथले प्राचार्य बोलले. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. सरांनी प्रोफेसर पदासाठी अर्ज केला, त्यात हा पेपर सगळ्यात वर होता.

आणि मग मुदत संपायला तीन आठवडे उरले असताना एका रविवारी माझ्याच पायांनी माझी चूक पकडून दिली.

घरी आप्पांचे दोन माग. आप्पा म्हणजे माझे वडील. रंगाऱ्याकडून सुताच्या नव्या लडी आल्या होत्या, जुन्या लॉटशी रंग जुळतो का ते बघायचं होतं. जुळला नाही तर साडीत पट्टा पडतो आणि साडी परत येते. आप्पांचा हात तेलानं माखलेला, म्हणून त्यांनी मला हाक मारली, "आक्का, जरा बघ गं." मी दोन लडी उचलल्या, ट्यूबलाइटखालून निघाले, दारात गेले, उन्हाकडं धरल्या, उलटसुलट केल्या, ओढून बघितल्या. आमच्यात रंग असाच बघतात. ट्यूबच्या उजेडात रंग बघणारा माणूस आप्पांच्या लेखी विणकर नव्हेच. मी चालायला लागल्यापासून हे करत आले आहे. शेंबूड पुसायच्या आधी मला हे आलं असेल.

"जुळतोय काय?" आप्पांनी आतून विचारलं.

मी हातात लडी तशाच धरून उभी. कारण हेच, अगदी हेच, मी लॅबमध्ये रोज करत होते. थर चेंबरमधला नवा असो की डबीतला जुना, मोजणीच्या यंत्राकडं न्यायच्या आधी दर वेळी तो घेऊन मी व्हरांड्यातल्या खिडकीशी जायची. आमच्या लॅबला खिडकी नाही, आत सगळा दिव्यांचा उजेड. त्यात डाग, पट्टे दिसायचे कसे? म्हणून ऊन. दोन मिनिटं धरायची, फिरवून बघायची, समाधान झालं की आत. हे मी वहीत कधी लिहिलं नाही. का लिहीन? हे काम थोडंच होतं? वहीत कुणी चप्पल काढली ते लिहितं का?

म्हणजे उजेडात काळी होणारी वस्तू मी आधी उन्हात नेऊन काळी करत होते, आणि मग आत येऊन गंभीर चेहऱ्यानं 'उजेडाआधीची' म्हणून मोजत होते. तीन वर्षं! शिकलेल्या माणसाचा मूर्खपणा हा असा असतो, अडाण्याला परवडत नाही.

पुढचं कोडं तिथंच दारात सुटलं. कमी ऑक्सिजनवाले थर भारी हळवे, दोन मिनिटांच्या उन्हातच बऱ्यापैकी काळवंडून जायचे. मग दिव्याखाली त्यांच्यात अजून काळं व्हायला उरणार किती? थोडंच. जास्त ऑक्सिजनवाले हट्टी, त्यांना खिडकीतलं ऊन पुरत नाही, ते कोरेच्या कोरे दिव्याखाली जायचे आणि तिथं जे काय व्हायचं ते पहिल्यांदा व्हायचं. म्हणून ते जास्त काळे होताहेत असं दिसायचं. मला ते हळवे थर जरा धुरकट दिसायचे, नाही असं नाही. पण कमी ऑक्सिजनवाला थर मुळातच पिवळट असतो, तेव्हा त्याचा रंगच तसा, असं मी धरून चालले.

"अगं जुळतोय का न्हाय?" आप्पा बाहेर आले.

"जुळतोय," मी म्हटलं. खरं तर जुळत नव्हता. ते त्यांनी लगेच बघितलं आणि माझ्याकडंही बघितलं.

सोमवारी मी जुन्या थरांची डबी काढली. काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवलेले होते, कित्येक दिवसांत त्यांनी उजेड पाहिला नव्हता. लॅबचे दिवे घालवले, व्हरांड्याकडं पाठ केली आणि एकेक थर डबीतून थेट यंत्रात घातला. दुपारपर्यंत सगळं स्पष्ट झालं. ऑक्सिजन वाढत गेला तसं काळवंडणं कमी होत गेलं. जगातल्या सगळ्या लॅबा बरोबर होत्या, बेळगावचं हवामान अगदी साधंच होतं.

मंगळवारी सरांना सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे अजून कुणाला बोललीस काय?" नाही म्हटल्यावर जरा मोकळा श्वास घेतला आणि खुर्ची पुढं ओढली. मग त्यांनी मला एक वाक्य दिलं. इंग्रजीत होतं, अर्थ असा: नमुने मोजणीपूर्वी नैसर्गिक प्रकाशात अनुकूलित करण्यात आले. "एवढं एक घाल पद्धतीच्या प्रकरणात. बाकी काय बदलू नको. खोटं न्हाय न्हवं हे?"

खोटं नव्हतंच, तेच तर! काय वाक्य होतं! त्यात कुणी काही केलंच नव्हतं. नमुने आपले आपण खिडकीशी चालत गेले, अनुकूलित झाले आणि परत आले. माझा गाढवपणा एका ओळीत पद्धत होऊन बसला. वर सर म्हणाले, "तू निराळं काय लिहिलंस तर पेपर मागं घ्यावा लागणार. माझा अर्ज त्याच्यावर उभा हाय. तुझी सही माझ्या हातात हाय. दोघं मिळून विचार करू." यात धमकी नव्हती असं ते आजही म्हणतील.

मी ते वाक्य टाईप केलं. खोटं कशाला बोलू? टाईप केलं आणि झोप लागली. लाज वगैरे दोन दिवसांनी आली.

ती आली आप्पांमुळं. ते सारखं विचारायला लागले, रविवारी तुला काय झालतं? शेवटी सांगून टाकलं. थर, ऊन, खिडकी, सगळं. आप्पांना यिट्रियम कळलं नाही, पण चूक कळली. चूक त्यांना कुठल्याही धंद्यातली कळते. ते म्हणाले, "उजेडात बघाया म्याच शिकीवलं. माझ्यापायी सहा वर्सं गेली म्हण की तुझी."

"आप्पा, काहीतरीच काय!"

"न्हाय, म्याच," म्हणाले आणि जेवायला उठले. पण जेवले नाहीत नीट. आई मला म्हणाली, "काय बोललीस गं त्यास्नी?" दुसऱ्या दिवशीही तसंच. ताट अर्धं सोडून आप्पा मागावर. चाळीस वर्षं डोळ्यांवर पोट भरलेला माणूस, त्याला मी काय सांगितलं होतं? की तुझ्या डोळ्यानं माझं वाटोळं केलं. असं मी म्हटलं नव्हतं, पण त्यांनी तेच ऐकलं होतं. मला स्वतःचा इतका राग आला की सांगता सोय नाही. आणि त्या वाक्याचा तर त्याहून. कागदावर चूक कुणाचीच नाही, म्हणून ती आमच्या घरी येऊन आप्पांच्या ताटात बसली होती. कुणीतरी कागदावर म्हणायला हवं होतं की ही माझी. ती माझीच होती. लडीला ऊन चालतं आणि उजेडात काळ्या होणाऱ्या काचेला चालत नाही, हे आप्पांनी मला सांगायचं होतं की मी आप्पांना?

मी वाक्य खोडलं. पुढच्या दहाएक दिवसांत जेवढे थर नव्यानं मोजता येतील तेवढे मोजले. व्हरांड्याची खिडकी काळ्या कापडानं बंद केली, चेंबर ते यंत्र ही वाट थर डबीत घालून चालले. जुने आकडे टाकले नाहीत. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, उन्हात नेलेले आणि न नेलेले, आणि खाली लिहिलं: प्रत्येक नमुना मोजणीपूर्वी मी खिडकीशी उन्हात धरत असे, पहिली मोजणी त्यामुळं चुकली आहे, चूक माझी आहे. प्रबंध सरांच्या टेबलावर ठेवला. मुदतीला चार दिवस होते.

चार दिवस सर काही बोलले नाहीत. समोरून गेले तरी मान हलवायचे, बस्स. मी मनातल्या मनात त्यांना मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत शिव्या घालत होते. या भागात राहण्याचा तेवढा एक फायदा. शेवटच्या दिवशी दुपारी जेवणानंतर मी त्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. तीन वाजले, साडेतीन झाले. सेक्शन पाचला बंद होतं. माझी पाचावर धारण बसली होती आणि मी भिंतीवरच्या नोटिसा पाचव्यांदा वाचत होते. चारच्या सुमाराला आतून हाक आली.

सरांपुढं तेच पान उघडं होतं.

"रोज किती वेळ धरायचीस?" त्यांनी विचारलं.

"दोन मिनिटं, सर."

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "मी बघत होतो."

मला कळेना. त्यांनी आपल्या टेबलामागच्या खिडकीकडं हात केला. तिथून पलीकडचा आमचा व्हरांडा सरळ दिसत होता. सहा वर्षं मी या केबिनमध्ये येत होते, पण खाली मान घालून. कधी बाहेर बघितलंच नव्हतं.

"तीन वर्षं बघत होतो. हातात कायतरी धरून, उन्हाकडं तोंड करून उभी असायचीस. मला वाटलं, पोरगी काम सुरू करायच्या आधी सूर्याला नमस्कार करत्याय. म्हटलं, दुसऱ्याच्या श्रद्धेत आपण कशाला पडा?"

मला हसू आलं. खरंच आलं, आणि सरांच्या चेहऱ्याकडं बघून ते अर्ध्यातच विरलं. ते हसत नव्हते.

"त्या तपासणाऱ्यानं तिकडं लांब बसून विचारलं," ते म्हणाले, "आणि मी इथं, वीस पावलांवर. उठून हातात काय हाय एवढं विचारायला पायजे होतं. गाईड म्हणून सही करायची ती कशाची?" त्यांनी पेन काढलं. 'चूक माझी आहे' या माझ्या ओळीपुढं, पानाच्या कडेला, 'आणि मार्गदर्शकाची' अशा अर्थाचे शब्द इंग्रजीत लिहिले आणि त्याखाली आद्याक्षरं केली. मग पहिलं पान उघडून पूर्ण सही केली.

"सर, पेपरचं..."

"सकाळी पत्र घातलं. मागं घेतला."

"आणि अर्ज?"

त्यांनी प्रबंध बंद करून माझ्याकडं सरकवला. माझे डोळे भरून आले आणि मला ते लपवताही आले नाहीत.

"अळबेड," सर म्हणाले, रडू नकोस. "पाचला सेक्शन बंद होतंय. आधी जमा कर जा."